वेरा नदी, पोटॅशच्या खाणी आणि मुदतीची परवानगी

पोटॅश खतांच्या खाणींचे खारे सांडपाणी जर्मनीतल्या वेरा नदीत शंभरहून अधिक वर्षे जात आहे. ते कोणाच्या परवानगीने जाते, किती जाऊ शकते आणि परवानगी देणाऱ्याने नदीचा विचार कसा करायचा, यावरून तिथे अनेक दशके वाद चालू आहे. कारखान्याच्या सांडपाण्याला जर्मन जलकायदा परवानगी कशी देतो हे समजून घ्यायला मला या प्रकरणासारखे दुसरे प्रकरण दिसत नाही. कायद्याचे प्रत्येक महत्त्वाचे कलम इथे कसाला लागले आहे. आणि सगळा इतिहास वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की नदीला सर्वांत जास्त उपयोग झाला तो परवानगीवर लिहिलेल्या शेवटच्या तारखेचा.

जागा आणि धंदा

वेरा थुरिंगियात उगम पावते, हेसे आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवरून वळणे घेत जाते आणि हान म्युंडेन इथे फुल्डा नदीला मिळते. पुढे ती वेझर होते आणि ब्रेमेनवरून उत्तर समुद्राला जाते. म्हणजे मीठ हेसेमध्ये पडले तरी ते लोअर सॅक्सनी, नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया आणि ब्रेमेन या राज्यांतून वाहते. परवानगी देणारे एक आणि ती सोसणारे अनेक, ही अडचण तिथूनच सुरू होते.

या खोऱ्याखाली प्राचीन समुद्र आटून झालेले मिठाचे जाड थर आहेत. त्यांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची खनिजे काढली जातात. हाटॉर्फ आणि विंटर्सहाल हे प्रकल्प हेसेत, तर उंटरब्राइत्सबाख थुरिंगियात. आज हे सगळे मिळून कासेलच्या ‘के प्लस एस’ कंपनीचा ‘वेरा प्रकल्प’ होतो. चार हजारांहून जास्त लोकांची रोजीरोटी थेट त्यावर आहे, आणि आसपास दुसरा एवढा मोठा उद्योग नाही.

खाणीतून येणाऱ्या दगडात उपयोगाचा भाग थोडा आणि साधे मीठ भरपूर. उरलेल्या मिठाचे दोनच रस्ते: घन स्वरूपात ढिगावर, नाहीतर पाण्यात विरघळलेले नदीत. हेरिंगेनचा ‘मोंटे काली’ हा अशाच टाकाऊ मिठाचा डोंगर, आजूबाजूच्या जमिनीपासून २०० मीटरहून उंच. त्यावर पाऊस पडतो, मीठ विरघळते आणि तेही पाणी गोळा करून कुठेतरी सोडावेच लागते.

आपला या खाणींशी अगदीच संबंध नाही असे नाही. भारत आपल्या गरजेचे पोटॅश जवळजवळ सगळे आयात करतो. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार ठिबकमधून सोडतो ते ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. वेराकाठचे कारखाने जी उत्पादने काढतात त्यांत तेही आहे. पोती आपल्याकडे येवोत वा न येवोत, त्या खतामागे किती मीठ मागे राहते हे माहीत असावे.

परवानगी म्हणजे काय मिळते

जर्मनीचा जलव्यवस्थापन कायदा मुळात १९५७ चा. आजचा मजकूर २००९ चा असून तो १ मार्च २०१० पासून लागू आहे. त्याची सुरुवातच अशी आहे की पाण्याचा वापर परवानगीशिवाय करता येत नाही (कलम ८), आणि नदीत किंवा भूजलात काहीही सोडणे हा ‘वापर’च आहे (कलम ९). तुमची जमीन नदीला लागून आहे म्हणून पाण्यावर हक्क येत नाही.

परवानगीचे मुख्य प्रकार दोन. ‘बेविलिगुंग’ ही भक्कम, सहजासहजी काढून न घेता येणारी. ‘एर्लाउबनिस’ ही सौम्य आणि रद्द होऊ शकणारी. सांडपाणी सोडण्यासाठी पहिली मिळतच नाही. कलम १४ ने ती वाट बंद केली आहे. सांडपाण्याला फक्त एर्लाउबनिस, आणि कलम १८ सांगते की ती मागे घेता येते. कलम १३ नुसार अटी नंतरही वाढवता येतात. तुम्ही अब्जावधींचा कारखाना उभारा, त्याच्या सांडपाण्याचा परवाना मात्र कायमचा होत नाही.

आणखी एक वाक्य फार कमी लोकांच्या लक्षात येते. कलम १० म्हणते, परवानगी मिळाली म्हणून ठरावीक प्रमाणात किंवा ठरावीक प्रतीचे पाणी नदीतून वाहत येईल असा हक्क मिळत नाही. उन्हाळ्यात नदी आटली, तर तो परवानाधारकाचा धोका. वेरावर या वाक्याची किंमत पुढे कंपनीने मोजली.

कलम ५७ थेट नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांसाठी. त्यात तीन कसोट्या आहेत: उपलब्ध सर्वोत्तम तंत्राने प्रदूषण जितके कमी होऊ शकते तितके कमी केलेले असावे, नदीच्या गुणवत्तेच्या अपेक्षांशी ते जुळावे, आणि त्यासाठी लागणारी शुद्धीकरण यंत्रणा उभी असून चालू असावी. सार्वजनिक गटारात सोडणाऱ्याला कलम ५८ लागते. कोणत्या उद्योगाने किती शुद्ध करावे हे सांडपाणी नियमावलीच्या परिशिष्टांत उद्योगवार दिलेले आहे. त्याच नियमावलीच्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी बजावल्या आहेत: पाणी ओतून पातळ करून मर्यादा गाठायची नाही, आणि पाण्यातले प्रदूषण हवेत किंवा जमिनीवर ढकलायचे नाही.

या सगळ्या कसोट्या पार केल्या तरी काम होईलच असे नाही. कलम १२ मध्ये आधी नकाराची कारणे आहेत. ती नसली तरी शेवटचा निर्णय प्राधिकरणाच्या विवेकावर सोपवला आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटेल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना उद्योजकाची धारणा अशी असते की ठरलेले आकडे पाळले की कागद मिळायला हवा. जर्मन जलकायद्यात अर्जदाराला एवढाच हक्क आहे की त्याच्या अर्जाचा विचार नीट, कारणे देऊन व्हावा.

वेराच्या बाबतीत अर्जदार खाणउद्योग असल्याने निर्णय खाण प्राधिकरणाकडे जातो (कलम १९), पण जल प्राधिकरणाच्या सहमतीनेच. हेसेत ही दोन्ही कामे कासेलच्या विभागीय प्रशासनाकडे, म्हणजे ‘रेगीरुंग्सप्रेझिडियुम कासेल’कडे आहेत.

गेर्स्टुंगेनचा आकडा

सगळ्या प्रकल्पांच्या खालच्या बाजूला थुरिंगियात गेर्स्टुंगेन नावाचे गाव आहे. तिथल्या मापनकेंद्रावर नदीच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठातला मुख्य घटक, २५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर जाऊ नये, ही मर्यादा १९४२ साली, ऐन युद्धात ठरली. नदीचे काय होईल याचा आजच्यासारखा अभ्यास तेव्हा कोणी केलेला नव्हता, आणि तोच आकडा पुढे दशकानुदशके परवानग्यांत राहिला. आज जर्मनीच्या पृष्ठजल नियमावलीत चांगल्या स्थितीसाठी क्लोराइडचे मार्गदर्शक मूल्य २०० आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की प्रकरण किती अवघड आहे ते कळते.

तरी २५०० हीसुद्धा दीर्घकाळ स्वप्नवत गोष्ट होती. जर्मनीच्या फाळणीत नदीकाठचे काही कारखाने पूर्वेकडे गेले. पूर्व जर्मनीने १९६८ मध्ये आपल्या बाजूचे खारे पाणी भूगर्भात सोडणे बंद केले आणि ते सरळ नदीत जाऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत वेरा काही वेळा समुद्राहून खारट झाली. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड साधारण १९,००० मिलिग्रॅम असते, यावरून कल्पना यावी. पश्चिमेचे जल प्राधिकरण कितीही कडक असले तरी सीमेपलीकडच्या पाइपवर त्याची सत्ता नव्हती.

नदीतले जीव याआधीच बदलले होते. स्थानिक गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे छोटे जीव मिठाने संपले, म्हणून माशांना खायला काहीतरी मिळावे यासाठी १९५७ मध्ये उत्तर अमेरिकेतला ‘गॅमरस टायग्रिनस’ मुद्दाम इथे आणून सोडला गेला. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत वेदनादायक नोंद आहे. पाणी सुधारता येत नाही म्हणून प्राणी बदलले.

एकीकरणानंतर पूर्वेकडचे कारखाने बंद झाले किंवा बदलले, आणि २००० च्या सुमारास गेर्स्टुंगेनला २५०० ची मर्यादा पाळली जाऊ लागली. कशी, ते पाहण्यासारखे आहे. कंपनी खारे पाणी मोठ्या टाक्यांत साठवते आणि नदीला पाणी किती आहे ते पाहून सोडते. समजा नदीत सेकंदाला १० घनमीटर पाणी आहे. लिटरला २५०० मिलिग्रॅम म्हणजे सेकंदाला २५ किलो क्लोराइड, दिवसाला २१६० टन. त्यात वरून वाहत आलेले आणि जमिनीतून झिरपणारे क्लोराइडही धरावे लागते. जे उरेल ते कारखान्याच्या वाट्याला. प्रवाह निम्मा झाला की हिस्साही निम्म्याच्या खाली जातो.

म्हणजे मर्यादा पाइपच्या तोंडाशी न मोजता नदीत मोजली जाते. आपल्याकडे संमतीपत्रात ‘टीडीएस २१००’ (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) हा आकडा अनेकांनी पाहिला असेल. तो सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याला लागतो, पावसाळा असो वा उन्हाळा. गेर्स्टुंगेनची पद्धत उत्पादनाला नदीशी बांधून टाकते. २०१८ च्या दुष्काळात नदी उतरली, टाक्या भरल्या, आणि हाटॉर्फ व विंटर्सहालचे उत्पादन थांबवावे लागले. दुष्काळाच्या काळासाठी वाढीव मर्यादेचा हक्क कोणाकडेच नव्हता. कलम १० चे ते वाक्य इथे खरे झाले.

या पद्धतीचा दोषही सांगायला हवा. पुराच्या दिवसांत जास्त मीठ सोडता येते आणि वर्षभराचा एकूण भार मोठाच राहतो. नदी स्वतःच पातळ करण्याचे काम करते. कारखान्याच्या आत पाणी ओतून पातळ करायला बंदी, पण बाहेर नदीने ते काम केले तर चालते, ही कायद्यातली खरी फट आहे. शिवाय सांडपाणी करात, जिथे २००२ पासून प्रत्येक ‘हानी एकका’मागे ३५.७९ युरो भरावे लागतात, क्लोराइडचे नावच नाही. जड धातू, नायट्रोजन, फॉस्फरस आहेत, मीठ नाही. मिठाला किंमत लावायचे साधन प्राधिकरणाच्या हातात नव्हते. उरले ते परवानगीचे.

जमिनीखालचा रस्ता

नदीत न मावणारे पाणी १९२५ पासून जमिनीत मुरवले जात होते. काही शे मीटर खोल ‘प्लाटेनडोलोमिट’ नावाचा सच्छिद्र खडक आहे. त्यात ते दाबाने सोडायचे. आजवर असे सुमारे एक अब्ज घनमीटर पाणी खाली गेले. तो खडक हवाबंद आहे अशी समजूत होती, पण ती टिकली नाही. दाबामुळे खालचे खारे पाणी वरच्या वालुकाश्मात चढू लागले, ज्यात पिण्याचे भूजल असते. काही ठिकाणी ते झिरपून वेरातच परत येत होते, म्हणजे पुन्हा गेर्स्टुंगेनच्या हिशेबात.

भूजलासाठी कायदा नदीहून कडक आहे. कलम ४८ म्हणते, पाण्याची प्रत बिघडेल अशी भीती बाळगायला जागा नसेल तरच परवानगी द्यावी. ‘बिघडले’ हे दाखवण्याची वाट पाहायची नाही. धास्तीचे कारण पुरते. नोव्हेंबर २०११ मध्ये मिळालेली परवानगी नोव्हेंबर २०१५ ला संपत होती. पुढच्यासाठी कंपनीने अर्ज केला तेव्हा प्राधिकरणाने खडकांतून पाणी कसे हलते त्याचे त्रिमितीय भूजल प्रारूप मागितले. ते निर्णयाला पुरेल इतके तयार नव्हते.

इथे प्राधिकरणाने जे केले ते मला धैर्याचे वाटते. जुने तसेच चालू ठेवण्याऐवजी डिसेंबर २०१५ मध्ये एक तात्पुरती परवानगी दिली: २०१६ अखेरपर्यंत फक्त ७,२५,००० घनमीटर. परिणाम लगेच दिसला. २०१६ मध्ये हाटॉर्फ आणि उंटरब्राइत्सबाखमध्ये उत्पादन पुन्हा पुन्हा थांबले, कामगारांना कमी तासांवर आणावे लागले. कामगारांचा राग खरा होता आणि तो समजण्यासारखाही होता. डिसेंबर २०१६ मध्ये पुढची परवानगी मिळाली: वर्षाला १५ लाख घनमीटर, आणि २०२१ च्या अखेरपर्यंतच. त्यानंतर जमिनीत मुरवणे थांबले.

लक्समबर्गचा निकाल

याच नदीच्या खालच्या टोकाकडे, समुद्राजवळ, जहाजांसाठी वेझर खोल करायची योजना होती. ‘बुंड’ या पर्यावरण संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. तो लक्समबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात गेला आणि १ जुलै २०१५ ला निकाल आला. प्रश्न असा होता: पाण्याची स्थिती ‘बिघडू द्यायची नाही’ हे २००० च्या युरोपीय जल निर्देशाचे वाक्य म्हणजे फक्त नियोजनाचे उद्दिष्ट, की प्रत्येक परवानगीच्या वेळी पाळायची अट? न्यायालयाने सांगितले, अट. मासे, कीटक, शैवाल यांसारखा एक जरी घटक एका श्रेणीने खाली गेला तरी तो बिघाड धरायचा. आणि एखादा घटक आधीच सर्वांत खालच्या श्रेणीत असेल, तर त्यात आणखी झालेली कोणतीही घसरण हा बिघाडच.

निकाल जहाजांच्या मार्गाबद्दल होता, पण मिठाने खचलेल्या वेराला तो तंतोतंत लागू पडला. तोपर्यंतची एक सोयीची समजूत अशी होती की नदी आधीच वाईट स्थितीत आहे, थोडे जास्त गेले तर काय फरक पडतो. निकालाने ती वाट बंद केली.

अर्जाचे स्वरूपही त्यामुळे बदलले. आता अर्जाबरोबर जल निर्देशाचा स्वतंत्र तांत्रिक अहवाल लागतो: प्रत्येक जलसाठ्यासाठी, प्रत्येक घटकासाठी, आजची स्थिती काय आणि सोडल्यावर काय होईल. कागद लोकांसाठी खुले ठेवले जातात, हरकती घेतल्या जातात, सुनावणी होते. खालच्या बाजूची गावे आणि मासेमारी संघटना त्यात बोलतात. मान्यताप्राप्त पर्यावरण संघटनांना २००६ च्या कायद्याने न्यायालयात जाण्याचा मार्गही आहे. त्यामुळे अर्जाचे काम परवाना विभागातल्या एका माणसाचे राहत नाही. भूजलतज्ज्ञ, जीवशास्त्रज्ञ, वकील सगळे बसवावे लागतात.

अपवादाचे दार

मग २०० च्या जागी हजारोंचे आकडे असलेली नदी परवानगीला पात्र कशी ठरते? उत्तर कलम ३० मध्ये आहे. नदी माणसाच्या हातून इतकी बिघडली असेल की चांगली स्थिती गाठणे अशक्य किंवा अवाजवी खर्चाचे आहे, तर कमी कडक उद्दिष्टे ठेवता येतात. पण त्यासाठी दाखवावे लागते की ती आर्थिक-सामाजिक गरज दुसऱ्या चांगल्या मार्गाने भागत नाही, आणखी बिघाड टाळला आहे, आणि गाठता येईल तेवढी चांगली स्थिती गाठली आहे. वेझर खोऱ्यातल्या राज्यांनी २०१६ मध्ये मिठासाठी वेगळी योजना मंजूर केली. त्यात वेझरवरच्या बोफ्त्सेन मापनकेंद्राला २०२७ पर्यंत क्लोराइड ३०० वर आणायचे ठरले. युरोपीय आयोगाने याच प्रश्नावर जर्मनीविरुद्ध कारवाई सुरू केली होती, तो दबावही त्यामागे होता.

पर्यायांवर मात्र खूप रक्त आटले. २००८ मध्ये हेसे, थुरिंगिया आणि कंपनीने मिळून एक ‘गोलमेज’ बसवली. प्राध्यापक हान्स ब्रिंकमान यांच्याकडे तिचे अध्यक्षपद होते. २०१० मध्ये तिने उत्तर समुद्रापर्यंत पाइपलाइन टाकण्याची शिफारस केली. कंपनीने ती आर्थिकदृष्ट्या परवडत नसल्याचे सांगितले. नंतर वेझरच्या वरच्या भागापर्यंतच पाइप न्यायची कल्पना आली, तेव्हा खालच्या राज्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे मला पटते: पाइपने मीठ कमी होत नाही, फक्त पुढच्या गावात पोहोचते.

तारखांनी केलेले काम

आता मूळ मुद्द्याकडे. २०११ ते २०१५ या काळात कंपनीने ३६ कोटी युरोंच्या योजनेतून सांडपाणी वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटरवरून ७० लाखांवर आणले. २०१८ च्या सुरुवातीला हाटॉर्फमध्ये १८ कोटी युरोंचा नवा प्रकल्प सुरू झाला. त्यात खारे पाणी आटवून कायनाइट या पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या खनिजाचे स्फटिक बनवतात, ते तरंगवून वेगळे करतात आणि त्यातून विकण्याजोगे खत काढतात. वर्षाला १५ लाख घनमीटर सांडपाणी कमी, आणि २,६०,००० टन जादा माल. २०२२ मध्ये ‘वेरा २०६०’ जाहीर झाला: सुमारे ६० कोटी युरो खर्चून विंटर्सहालमध्ये कायझेराइट हे मॅग्नेशियमचे खनिज पाण्याऐवजी स्थिर विद्युतभाराने कोरडेच वेगळे करायचे आणि प्रक्रियेचे सांडपाणी जवळपास निम्मे करायचे.

यांतले काही तंत्र आधीपासून ठाऊक होते. कोरडी स्थिर-विद्युत पद्धत कंपनीनेच काही दशकांपूर्वी विकसित केली होती. २५०० चा आकडा १९४२ पासून तसाच होता, आणि त्या आकड्याने ही गुंतवणूक घडवली नव्हती. घडवली ती २०१५, २०२१ आणि २०२७ या मुदतींनी. मुदत संपत आली की अर्जदाराला नव्याने सिद्ध करावे लागते की आजच्या तंत्राने यापेक्षा कमी करता येत नाही. आणि मधल्या काळात तंत्र पुढे गेलेले असते. संचालक मंडळासमोर पैसे मागणाऱ्या अभियंत्याच्या हातात तारखेइतके मजबूत कारण दुसरे नसते.

पण कोरड्या पद्धतीने पाण्यात न गेलेले मीठ ढिगावर जाते, आणि ढीग पावसात भिजतो. सांडपाणी नियमावलीचे ‘प्रदूषण दुसरीकडे ढकलू नये’ हे कलम इथे सर्वांत अवघड जाते. ढीग झाकण्याचे आणि जुन्या खाणींच्या पोकळ्यांत खारे पाणी भरण्याचे मार्ग योजनेत आहेत. दोन्हींना स्वतंत्र परवानग्या लागतात आणि खाणीतल्या पोकळीतून पुढे काय होईल हा प्रश्न १९२५ च्या प्रश्नाचाच भाऊ आहे. तिथे भूजलाचे प्रारूप आधी आणि परवानगी नंतर, हाच क्रम राहायला हवा.

सध्या चालू असलेली नदीतली परवानगी २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. त्याच वर्षी युरोपीय जल निर्देशाचे तिसरे नियोजन-चक्रही संपते. पुढच्या अर्जात कंपनीला कारखान्याच्या पाण्याबरोबर ढिगांच्या पाण्याचाही हिशेब द्यावा लागेल, आणि ते पाणी खाणी बंद झाल्यावरही शेकडो वर्षे वाहत राहणार आहे. उत्पादन संपल्यावर त्याची परवानगी कोणाच्या नावावर असेल, खर्च कोण करेल आणि तेव्हा मुदत किती ठेवायची, हे कासेलच्या प्राधिकरणाला आताच विचारात घ्यावे लागेल. खालच्या राज्यांनीही आपल्या हरकतींत हाच प्रश्न सर्वांत वर ठेवावा असे मला वाटते.